बत्तीस पुतळ्या आणि एक खुर्ची

उज्जैनच्या टावर चौकात संध्याकाळी सातनंतर पाय ठेवायला जागा मिळत नाही. फ्रीगंजमधलं ते घंटाघर, पायथ्याशी चाट-कुल्फीच्या गाड्या, तिरक्या लावलेल्या दुचाक्या, फुग्यासाठी हट्ट धरून बसलेली पोरं. चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे, त्यामुळे चौदा एप्रिलला इथं गर्दी असतेच. निवडणुका आल्या की सभाही इथंच. गावात कुणाला काही सांगायचं असेल, तर तो या चौकात येतो.

अशाच एका सभेत मी उभा होतो. उमेदवार तरुण होता आणि बोलायचं कुठंतरी शिकून आला होता. आधी लहानपणची गरिबी, मग आईचे कष्ट, मग अनवाणी शाळेची वाट, मग एक अपमान आणि मग निर्धार. आवाज कुठं खाली आणायचा, कुठं थांबायचं, सगळं ठरलेलं. शेवटी मागून संगीत. लोक ऐकत होते, पण पाणीपुरी थांबत नव्हती. तेवढ्यात गाडीजवळ उभ्या असलेल्या एका बाईंनी हात वर न करताच विचारलं, "भैया, गंभीर डैम तो भरा है, फिर हमारे नल में एक दिन छोड़के पानी क्यों?" पहिल्यांदा चमचे थांबले. सगळ्यांनी मान वळवून आधी त्या बाईंकडं आणि मग स्टेजकडं पाहिलं. स्टेजवर एकदम गाणं लागलं.

सध्या व्यवस्थापनाच्या वर्गांत आणि पक्षांच्या शिबिरांत एकच सांगतात : नेत्याला गोष्ट सांगता आली पाहिजे आणि ती शिकायची तर जुने अभिजात सिनेमे पाहा. मागं मोठी परंपरा उभी केली जाते. जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली जगभरच्या पुराणकथांतून नायकाच्या प्रवासाचा एक साचा काढला. पुढं हॉलिवूडच्या पटकथाकारांनी तो उचलला आणि पटकथांकडून तो प्रशिक्षकांच्या स्लाइडवर आला. पटकथा शिकवणारे रॉबर्ट मॅकी २००३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूला मुलाखत देऊन कंपन्यांच्या प्रमुखांना सांगत होते की आकड्यांनी माणूस हलत नाही, गोष्टीनं हलतो. ते खोटं नाही. पण हा साचा हातात आला की प्रत्येक नेता पहिलं काम एकच करतो. नायकाच्या जागी स्वतःला बसवतो. टावर चौकातल्या त्या पोरानं तेच केलं होतं.

या गावात राहून हे मान्य करणं अवघड जातं. गादी आणि गोष्ट यांचं नातं सांगणाऱ्या दोन मोठ्या कथामाला उज्जैनच्या राजाभोवती विणलेल्या आहेत आणि दोन्हींत राजा गोष्ट सांगत नाही, ऐकतो. वेताळ पंचविशीत विक्रमाच्या खांद्यावर प्रेत आणि प्रेतातला वेताळ गोष्टी सांगतोय. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल आणि बोललास तर मी परत झाडावर, अशी अट. सिंहासन बत्तिशीत तर विक्रम नाहीच. त्याची रिकामी गादी भोजराजाला सापडते. तो बसायला जातो तेव्हा एकेक पुतळी त्याला अडवते, विक्रमाची एक गोष्ट सांगते आणि विचारते, एवढं तुझ्यात आहे का? बत्तीस वेळा. गोष्ट इथं राजाला गादीवर चढवत नाही, दारात उभं करून त्याची झडती घेते.

मला वाटतं, आपले जे सिनेमे टिकले ते या पुतळ्यांच्या घराण्यातले आहेत. प्रशिक्षक त्यांतून जे काढतात त्याच्या बरोबर उलटं त्यांत आहे.

सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून करू, कारण सिनेमा करण्याआधी त्यांना एक पटवण्याचं काम करावं लागलं होतं. गिरगावात 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' पाहिला, विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणला. आता पैसेवाला हवा. आजचा उद्योजक अशा वेळी बाजार किती मोठा आहे, पाच वर्षांत नफा किती, असे तक्ते मांडतो. फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि सुमारे महिनाभर थोड्या थोड्या वेळानं एकेक चित्र टिपत राहिले. पडद्यावर दाणा फुटला, कोंब वर आला, वेल चढली. सगळं मिनिटभरात. भांडवलदाराला आणखी काय सांगायचं? जे डोळ्यांना एरवी दिसत नाही ते हे यंत्र दाखवतं, एवढं त्यानं पाहिलं आणि पैसे दिले. सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेलेच. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्या वाटाण्याच्या फितीत फाळके स्वतः कुठंच नव्हते, हे मला महत्त्वाचं वाटतं. ना त्यांचा ध्यास, ना त्यांचे डोळे दुखणं, ना घरची ओढाताण. हे सगळं खरं होतं आणि सांगितलं असतं तर ऐकणाराला गलबलून आलं असतं. त्यांनी दाणा दाखवला.

हरिश्चंद्राची गोष्ट इथं आणखी एका माणसाला चिकटते. लहान मोहनदास गांधींनी हरिश्चंद्राचं नाटक पाहिलं आणि ते मनात पुन्हा पुन्हा खेळलं. पुढं त्यांना सिनेमाचं मुळीच कौतुक राहिलं नाही. १९४४ मध्ये जुहूला विश्रांती घेत असताना विजय भट्ट यांचा 'रामराज्य' पाहिला, तोच त्यांनी पाहिलेला एकमेव हिंदी सिनेमा. आणि याच माणसानं १९३० मध्ये ७८ जणांना घेऊन साबरमतीहून चोवीस दिवस चालत जाऊन मूठभर मीठ उचललं. त्यात काय नाही? वाट आहे, रोजचं एक गाव आहे, पुढं काय होणार याची ओढ आहे आणि शेवटी एक लहानशी वस्तू, जी देशातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. भाषणांपेक्षा त्या चोवीस दिवसांनी जास्त सांगितलं. सिनेमे पाहिल्यावरच नेत्याला गोष्ट येते, हा दावा यापुढं जरा हलका पडतो, हे मान्य करून पुढं जाऊ.

प्रभातकडं आलं की माझं लिखाण जरा रेंगाळतं, त्याला इलाज नाही. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' १९३६ चा. मुंबईत तो वर्षाहून जास्त काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसला त्याची गणना निवडक उत्तम चित्रपटांत झाली. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम सगळ्यांच्या मनात आहे. पण पडद्यावर सगळ्यात जिवंत माणूस आहे गौरीनं उभी केलेली जिजाई. घरात दाणा नाही, पोरं भुकेली, नवरा विठ्ठल विठ्ठल करत गावभर. ती आजारी पोराला फरफटत देवळात नेते आणि हातात पायताण घेऊन देवालाच जाब विचारते. भक्तिपटात, १९३६ साली, देवावर पायताण उगारणारी बाई! आणि दिग्दर्शक तिला मूर्ख ठरवत नाहीत, तिच्यावर हसूही देत नाहीत. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. संसार तीच ओढतेय. शिवाजी महाराजांकडून आलेलं धन तुकाराम परत पाठवतो, तेव्हा आपण त्याच्या विरक्तीनं भारावतो आणि त्याच क्षणी जिजाईच्या पोटात काय झालं असेल तेही आपल्याला कळतं. दोन्ही एकदम. तुकारामाचं मोठेपण पटतं ते यामुळं. त्याच्या बाजूनं सगळं सोपं केलं असतं, तर उरला असता चमत्कारांचा एक बरा सिनेमा. सालोमालो हा खलनायक तसा सपाट आहे आणि म्हणूनच आज कमी आठवतो.

आपल्या गोष्टीत विरोधकाला इतकी जागा देणारा नेता मी तरी क्वचितच पाहिला आहे. योजना आणणारा अधिकारी योजनेला नकार देणाऱ्या शेतकऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, त्याच्याच रागात मांडून दाखवतो का? कारखाना हलवणारा मालक कामगाराच्या बायकोची बाजू सांगतो का? सांगेल तर पुढचं त्याचं बोलणं लोक ऐकतील. जिजाईला वगळून सांगितलेला तुकाराम कुणी मानत नाही.

'कुंकू' दुसऱ्या वर्षीचा, १९३७. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा, दिग्दर्शक शांताराम. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लावलेलं लग्न नाकारणारी नीरा शांता आपट्यांनी केली. या सिनेमात शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वर्ज्य केलं. जो आवाज त्या घरात, त्या रस्त्यावर खरोखर असू शकतो तेवढाच कानावर येतो. त्यामुळं शांततेला वजन येतं. सभेत शेवटी वाजलेलं ते गाणं मला कुंकूमुळेच इतकं खुपलं असावं. आणखी एक, काकासाहेब दुष्ट नाहीत. केशवराव दात्यांनी त्यांना हळूहळू आपली चूक उमगत जाणारा माणूस केला आहे. चूक कबूल करणाऱ्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा इतका वेळ थांबवणं, ही हिंमत आहे. १९४१ च्या 'शेजारी'त याच दिग्दर्शकानं गावाजवळच्या धरणासाठी एक उद्योगपती दोन जिवलग शेजाऱ्यांत, हिंदू पाटील आणि मुसलमान मिर्झा यांच्यात, फूट पाडतो असं दाखवलं. विकासाचं स्वप्न आणि त्याची किंमत एकाच चौकटीत. आजच्या कुठल्याही प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी हा सिनेमा दाखवायला हरकत नाही, प्रकल्पवाल्यांना आधी.

'दो आंखें बारह हाथ' (१९५७) मात्र मला अडचणीत टाकतो. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग त्यामागं होता, गोष्ट ग. दि. माडगूळकरांची. बर्लिनला त्याला रौप्य अस्वल मिळालं. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर. इथं नायक उघड उघड नेताच आहे, आणि तो शांताराम स्वतः. मग माझं म्हणणं पडतं का? थोडं पडतं. तरी पाहा, जेलर आपली गोष्ट सांगत बसत नाही. माळरान, कुदळी, भाजीचा बाजार, कैद्यांचे हात. त्याच्याकडं फक्त डोळे आहेत, आणि कैदी पळून जायला निघतात तेव्हा ते डोळे त्यांना दिसतात. शीर्षकातही बारा हात कैद्यांचेच.

या गावाचा आणि अभिजात मराठी सिनेमाचा एक धागा इथं येतोच. वनमाला इथल्याच, १९१५ साली उज्जैनला जन्मलेल्या. घर ग्वाल्हेर संस्थानच्या सरदारी-अधिकाऱ्यांचं, मूळ नाव सुशीला पवार. सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मध्ये (१९४१) त्या रुखसाना होत्या. हा सिनेमा सेन्सॉरनं सोडला, पण लष्करी छावण्यांतल्या थिएटरांतून इंग्रजांनी तो काढायला लावला. सिकंदराच्या गोष्टीत शिपायांना काय ऐकू येईल, याची सरकारला बरोबर कल्पना होती. आणि बारा वर्षांनी त्याच वनमाला आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'त आई झाल्या. चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं ते १९५४ मध्ये.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात श्याम स्वतःबद्दल काय सांगतो ते आठवून पाहा. मी भित्रा होतो, पोहायला जायला नको म्हणून लपलो. मी खोटं बोललो. मी चोरलं. मी आईला दुखवलं. एकेका रात्री एकेक चूक. पडद्यावर अंघोळ झालेल्या पोराच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई आपला पदर दगडावर पसरते, तिथं सगळं थिएटर हेलावतं. पण ती गोष्ट सांगणाऱ्यानं स्वतःला किती छोटं ठेवलंय! आणि हा सांगणारा माणूस दुबळा नव्हता. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यानं उपोषण केलं आणि बडव्यांना दार उघडावं लागलं. नेत्यांची आत्मचरित्रं वाचताना मला नेहमी श्याम आठवतो. त्यांच्यात लहानपणच्या गरिबीचं प्रकरण असतं. लहानपणच्या खोटेपणाचं नसतं.

अत्रे हे तर दोन्ही बाजूंचे. सिनेमा केला, 'महात्मा फुले' केला आणि १९५६ मध्ये 'मराठा' काढून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानं गाजवली. त्यांची भाषणं पाहणारे सांगत की हशा, शिवी, टाळी आणि मध्येच एकदम घशात हुंदका असा क्रम असे. अतिशयोक्ती त्यांना वर्ज्य नव्हती. पण त्या गोष्टीत नायक मुंबई होती आणि गिरणीतला माणूस होता. मराठीत सिनेनटाचा थेट मुख्यमंत्री झाला नाही. तेलुगू देशम मार्च १९८२ मध्ये निघाला आणि जानेवारी १९८३ मध्ये एन. टी. रामाराव मुख्यमंत्री होते, तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन पडद्यावर जे करत तेच सभेत पुढं चालू ठेवत. तिथं भूमिका आणि माणूस एकच झाले. आपल्याकडं ते का झालं नाही याची कारणं अनेक असतील. एक मला असं वाटतं की आपल्या पडद्यानं नायकाला देव होऊच दिलं नाही, शेजारी एक जिजाई कायम उभी ठेवली.

याच्या अगदी उलट टोकाला हिटलरसाठी सिनेमा करणारी लेनी रिफेनश्टाल. १९३५ चा 'ट्रायम्फ ऑफ द विल' तंत्रानं थक्क करतो. ढगांतून उतरणारं विमान, रांगाच रांगा, वर बघणारे चेहरे. त्यात एकही माणूस प्रश्न विचारत नाही. पाच वर्षांनी चॅप्लिननं 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये त्याच मिशांचा न्हावी करून टाकला. कुरोसावाचा 'इकिरू' (१९५२) जाता जाता सांगण्यासारखा नाही, पण एक गोष्ट सांगतोच. मरणाच्या दारातला कारकून लहान मुलांसाठी एक बाग करून घेतो, आणि सिनेमाच्या उत्तरार्धात तो मेलेला असतो. त्याची गोष्ट त्याच्या मयताला जमलेले लोक सांगतात, तीही अर्धवट, श्रेय आपल्याकडं ओढत.

१९७५ चा 'सामना' आला तेव्हा साखर कारखान्यांचा सुकाळ होता. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. हिंदूराव धोंडे पाटलांकडं कारखाना आहे, रस्ते आहेत, सगळ्या तालुक्याची भरभराट आहे. एका कर्तृत्ववान माणसाची गोष्ट अगदी पूर्ण तयार आहे. आणि डॉ. लागूंचा दारुडा मास्तर एकच प्रश्न घेऊन फिरतो, मारुती कांबळेचं काय झालं? हिंदूराव झालेले निळू फुले त्या प्रश्नानं उठून बसतात, चिडतात, खाऊ-पिऊ घालून त्याला जिंकू पाहतात. पूर्ण तयार गोष्टीला एका नावानं पडलेलं हे भोक बुजत नाही. चार वर्षांनी जब्बार पटेलांनीच अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून 'सिंहासन' केला. आमच्या भोजराजाच्या पुतळ्या तिथं पत्रकार दिगू टिपणीसाच्या रूपानं आल्या आहेत. सगळं पाहतो, सगळं ऐकतो आणि शेवटी तोच कोसळतो.

उज्जैनची अजून एक गोष्ट नेत्यांना धरून आहे. इथला राजा महाकाल. तो श्रावणात पालखीत बसून प्रजेला बघायला निघतो, आणि शिंद्यांच्या काळातल्या मराठी पंचांगामुळं सवाऱ्या भाद्रपदातही चालू राहतात. म्हणून दुसऱ्या राजानं, आजच्या भाषेत मुख्यमंत्र्यानं, इथं रात्र काढायची नाही, असा समज. मोठमोठे येत आणि अंधार पडायच्या आत निघून जात. डिसेंबर २०२३ मध्ये याच गावचे मोहन यादव मुख्यमंत्री झाले. त्यांचं घर इथं, मग जायचं कुठं? ते राहिले. कारण दिलं की आपण राजा नाही, महाकालाचा मुलगा आहोत. राजकारण बाजूला ठेवून पाहिलं तर हे कसबी आहे. गोष्ट मोडली नाही, तिच्यात आपली जागा बदलली. आता मुलाला मुलाची कामं विचारली जातात, हे ओघानं आलंच.

मला सगळ्यात जवळचं उदाहरण आहे 'मंथन', १९७६. श्याम बेनेगल, पटकथा पुन्हा तेंडुलकर, बिंदूच्या भूमिकेत स्मिता पाटील. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून तो केला. मागं होते व्हर्गीस कुरियन. नेता सिनेमातून गोष्ट सांगू पाहतोय, याचं आपल्याकडं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. आणि या सिनेमात कुरियनसारखा बाहेरून आलेला डॉ. राव हरतो. गावात वाद होतात, त्याच्या चुका होतात, त्याची बदली होते, तो आगगाडीनं निघून जातो. संस्था पुढं नेतो तो नसीरुद्दीन शहांचा भोला, ज्याला सुरुवातीला डॉ. रावांवर काडीचा विश्वास नव्हता. पैसे घालणाऱ्यांनी असा शेवट मंजूर केला, हे अजूनही नवल वाटतं. मग कुरियननी त्याच्या सोळा मिलिमीटरच्या प्रती काढून दुसऱ्या राज्यांतल्या खेड्यांत पाठवल्या. रिळांबरोबर एकेक पथकही गेलं. गुरांचा डॉक्टर, दूध तपासणारा आणि चारा-वैरणीतला जाणकार. सिनेमा संपला, दिवा लागला की माणसं उठून विचारणार, आमच्या म्हशीचं काय, आमच्या गावात डेअरी का नाही. तेव्हा उत्तर द्यायला कुणीतरी पडद्याशेजारी उभं असायला हवं होतं.

टावर चौकात त्या संध्याकाळी गाणं संपेपर्यंत त्या बाई तिथंच उभ्या होत्या. पाणीपुरीवाल्यानं त्यांना एक पुरी जास्त दिली. मग त्या पिशवी उचलून निघाल्या, रात्री साडेआठला त्यांच्या गल्लीत नळ येणार होता म्हणे.